धुऱ्यावरची वाटी

सीता गं चालली, काट्याकुट्याच्या रानात
दही सांडलं पानात, बोंड फुटलं उन्हात...

हा आवाज आपल्या कानात कधी शिरला, ते वर्षालीला सांगता आलं नसतं. ती तेव्हा आईच्या कडेवर असेल, नाहीतर वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत. आवाज मात्र पक्का ध्यानात राहिला होता. जाडाभरडा, जरासा घोगरा, ओळीच्या शेवटी थांबून मग हळूच खाली उतरणारा. डोक्यावरचं भरलं गाठोडं उतरवताना बाई दम घेते तसा. त्यांच्या वावरात कापूस वेचायला येणाऱ्या नलूमावशीचा आवाज. पुढं वर्ध्याच्या वसतिगृहात, कॉलेजात पोरांना विज्ञान शिकवताना, अगदी चौकात उभं राहून हातावर कापूर जाळत 'यात चमत्कार काही नाही' असं लोकांना सांगतानाही, कुठं कापसाचा बोळा बोटांत आला की तो आवाज उठायचाच. त्यातली सीता वर्षाली मानत नव्हती. तो आवाज मात्र तिच्या मानण्याची वाट बघत थांबत नव्हता.

उन्हाळ्यात रूपरावांच्या, तिच्या बापाच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाठीला भाऊ नाही, लग्न तिनं केलं नव्हतं. नोकरी सोडून ती जामच्या फाट्यापासून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या गावी आली, पायात बापाचे जुने बूट घातले आणि वावरात उतरली. गावानं गंमत पाहिली. पेरणी झाली, डवरणी झाली. आषाढात नाला फुगून काठची कापसाची झाडं, पऱ्हाटी, सडली; तेवढ्या ओळी, तेवढी तासं तिनं पुन्हा बी टोबून घेतली. फवारणीच्या पंपानं खांद्याला वळ पडले. आणि दिवाळी सरता सरता वावर पांढरं होऊ लागलं.

कापसाच्या पहिल्या वेच्याच्या, वेचणीच्या दिवशी दव उडाल्यावर बाया आल्या. सगळ्यांच्या पुढं नलूमावशी. पांढऱ्या ठिपक्यांचं, घडीच्या रेघा न मोडलेलं लुगडं, केस पाण्यानं चापून बसवलेले, आणि दोन्ही हातांत धरलेली पितळेची वाटी. वाटीवर पऱ्हाटीचं पान झाकलेलं. बाकीच्या बाया तिच्या मागं, तिच्या पुढं पाय पडू नये अशा बेतानं चालत होत्या. धुऱ्यापाशी येऊन ती थांबली.

"पोरी, पाणी आण थोडंसं. गोटे धुतो," ती म्हणाली.

वर्षालीनं आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं, यंदा पूजा करायची नाही. सीतादही म्हणजे पहिल्या वेच्याआधीची वावराची पूजा. धुऱ्यावर धुतलेले गोटे मांडायचे, पानावर दहीभात ठेवायचा, पहिल्या कापसाचा धागा ओढून झाडांना गुंडाळायचा, दह्याचा हात वावरावर शिंपडायचा आणि सीतामाईला सांगायचं, की बाई, या दह्यासारखं वावर पांढरं कर. आपण ज्याला मानत नाही, त्याच्यापुढं मालकीण म्हणून उभं राहायचं, हे तिला खोटं वाटत होतं. खोट्याचा तिला लहानपणापासून तिटकारा.

"मावशी, यंदा सीतादही नको."

नलूनं ऐकलं, पण तिच्या तोंडावर काही हललं नाही. "काऊन वो?"

"माहा विश्वास नाई त्याच्यावर, तुले माहीत हाये. तू घरी कर, मी काई म्हणणार नाई. पण माह्या वावरात माह्या नावानं नको. अन् आभाळ पाह्य ना. आजच्या आज निंबापर्यंत वेचून झालं पाह्यजे." मग बायांकडं वळून ती घाईनं म्हणाली, "नाश्ता आणला हाये सगळ्यांले. जामहून."

पिशवीतून तिनं फरसाणाची पाकिटं काढली आणि एकेकीच्या हातात दिली. सगळ्यांना सारखी. नलूचे दोन्ही हात वाटीला गुंतलेले. वर्षालीनं पाकीट तिच्या कोपराच्या बेचक्यात खोचलं.

रुचिका, मागच्याच साली लग्न होऊन आलेली, तोंडाची फटकळ, हसली. "मावशी, दही आंबट होईन वो! आणा इकडं, फरसाणासंग खाऊन टाकू."

बाया हसल्या. नलूही हसली. वाटी तिनं पदराखाली घेतली, बाभळीच्या बुडाशी सावलीत ठेवली, वर एक गोटा ठेवला आणि ओटी बांधून तासाला लागली. दिवसभर तिनं वेचलं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं फाटू नयेत म्हणून इतर बाया चिंध्या गुंडाळतात, तिनं त्या दिवशी गुंडाळल्या नाहीत. सांजेला माप झालं तेव्हा कापसावर कुठंकुठं रक्ताचे बारके ठिपके होते. वर्षालीनं ते पाहिले. 'उद्या चिंधी आण मावशी' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तोवर नलू वाटी उचलून वाटेला लागली होती. वाटी भरलेलीच होती. ती धरून चालायची चालच वेगळी असते.

दुसऱ्या दिवशी नलू आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

"गुडघा धरला म्हणते," रुचिकानं सांगितलं. "उठाले येत नाई म्हणते."

वर्षालीनं दुकानातून मलमाची नळी घेतली आणि गेली. नलूचं घर गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं, पुढं सारवलेलं अंगण. नलू अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होती. वर्षालीला पाहून ती उठली. एका झटक्यात उठली, आणि मग आठवल्यासारखा गुडघ्यावर हात ठेवला.

"या बाई. बसा."

वर्षाली उभीच राहिली. या घरात तिला कुणी कधी 'या' म्हटलं नव्हतं. 'ये वो पोरी', 'मेली, किती वाळली तू', 'खाल्लं काय?' हीच तिची इथली भाषा होती.

"मावशी, मले काऊन अहोजाहो करतेस?"

"मोठे झाले ना तुम्ही. कास्तकार झाले." नलूनं पोतं झटकून टाकलं. "च्या मांडतो."

"लय दुखते काय?"

"वय झालं बाई. चालाचंच."

चहा आला. दोघी रस्त्याकडं बघत प्याल्या. हमरस्त्यावरून ट्रक गेले की दुरून घरघर यायची, तेवढीच. कोनाड्यात ती पितळेची वाटी पालथी घातलेली होती, चिंचेनं घासून लख्ख केलेली. वर्षालीची नजर तिथं गेली आणि नलूनं उगाच उठून चुलीत फुंकर घातली. मलमाची नळी वर्षालीनं उंबऱ्यावर ठेवली. घरी जाताना तिला वाटलं, आपण काहीतरी तोडलं आहे आणि त्याचा आवाज आपल्याला उशिरा ऐकू येतो आहे.

तिनं स्वतःची समजूत घातली. आपण कुणाचं काय हिसकावलं? मजुरी कापली नाही, पाणी दिलं, सावली दिली. नलूमावशी विधवा, म्हणून गावानं तिला आयुष्यभर मागं ढकललं, त्याच असल्या देवधर्मापायी. त्याविरुद्ध तर आपण चौकात घसा फोडला. गणित बरोबर येत होतं. तरी रात्री अंथरुणावर पडलं की कोपराच्या बेचक्यात खोचलेलं ते फरसाणाचं पाकीट डोळ्यांपुढं येई.

तुळशीच्या लग्नाला मधुकररावांकडं बोलावणं होतं. मधुकरराव शेजारचे वावरवाले, धुऱ्याला धुरा लागून. चिमटे काढल्याशिवाय त्यांचं बोलणं पुरं होत नसे. ऊस, बोरं, आवळे, अंगणभर रांगोळी, बायांच्या नव्या पातळांचा सळसळाट. वर्षाली एका कडेला उभी होती. मंगलाष्टकं झाली, हळदीकुंकवाचा करंडा फिरू लागला. तेव्हा तिला नलू दिसली. चपलांच्या ढिगाच्या पलीकडं, नळापाशी, प्रसादाची पातेली घासत बसलेली. दोन्ही गुडघे मुडपून.

करंडा घेतलेली सून सगळ्यांच्या कपाळाला बोट लावत आली आणि नळापाशी येऊन, वळण आल्यावर बैल वळावा तशी, काही न घडल्यासारखी परत वळली. नलूनं मान वर केली नाही.

वर्षालीच्या डोक्यात कळ गेली. तिनं सुनेच्या हातून करंडा घेतला आणि चपला ओलांडून नलूपुढं जाऊन बसली.

"मावशी, कपाळ इकडं कर."

अंगणातल्या माना तिकडं वळल्या. नलूचे हात राखेनं भरलेले. ती मागं सरली, इतकी की पाठ भिंतीला लागली.

"नको बाई."

"काऊन नको? तू काय कमी हायेस कोणाहून?"

"मी काई म्हटलं काय तुमाले?" नलू इतक्या खाली बोलली की फक्त वर्षालीला ऐकू आलं. "चारचौघांत मले काऊन उघडं पाडता? जा तिकडं. पाया पडतो."

मधुकरराव तिकडून मोठ्यानं म्हणाले, "अवो वर्षालीबाई, तुमचा तं देवावर विश्वास नाई, मंग कुंकवावर कव्हापासून बसला?"

पुरुष हसले. वर्षालीनं करंडा परत दिला. तिच्या बोटाला कुंकू तसंच राहिलं होतं; घरी येईपर्यंत ते कुठं पुसावं ते तिला कळेना.

रूपराव ओसरीत बाजेवर पडले होते. वाऱ्यानं त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. शब्द एकेक करून यायचे, जड ओझं उचलून ठेवावं तसे. वर्षालीनं त्यांना भात भरवला, ओठाच्या कोपऱ्यातून आलेला घास पुसला.

"नलू... वेच्याले येत नाई म्हणे."

"गुडघा दुखते तिचा."

"गुडघा." रूपरावांनी डोळे मिटले. "मधुकर सांगे... सीतादही केलं नाई तुनं."

"बाबा, माहा विश्वास नाई."

"तुह्या मायचा तरी किती होता, देव जाणे." त्यांच्या छातीत हसण्यासारखं काही हललं. "लहानू मेला... नलूचा नवरा. त्या सालची गोष्ट. पहिला वेचा होता. बाया म्हणे, नलूनं आता धुऱ्यापाशी येऊ नाई. दह्याले हात लावू नाई. ते आपली... नाल्यापाशी जाऊन बसली. रडेबी ना. तू तुह्या मायच्या काखेत."

"मंग?"

"तुह्या मायनं वाटी घेतली... अन् गेली नाल्यापाशी. म्हणे, सीतेले कोणी पुसते काय, तुहा राम कुठी हाये? तेबी एकटीच होती रानात. ऊठ. हे दही तूच ठेवशीन." रूपरावांना धाप लागली. "बायायचं तोंड बंद. तव्हापासून... आपल्या वावरात तेच समोर. सीतेच्या ठिकाणी तेच. पुऱ्या वर्षातून... तेवढाच एक दिवस. मले वाटलं, तुले माहीत हाये."

वर्षालीच्या हातातली ताटली तशीच राहिली. तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की नलूमावशी समोर बसते. आकाश वर असतं, तसं. ते तसं असण्यासाठी कुणीतरी कधीतरी भांडलं असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं. आणि दुसरी ओवी आता तिला आठवली, जी नलू दही शिंपडताना उभी राहून, मान वर करून म्हणायची:

सीतेले पुसू नका, कुठं राह्यला रघुराय
पऱ्हाटीची ते माय, धुऱ्यावर तिचे पाय...

सगळ्या सवाष्ण बाया मागं बसून ती उचलून धरायच्या. वर्षातून एकदा. तेवढ्या एका दिवसासाठी नलू लुगडं धुऊन, घडी घालून ठेवायची. ज्या श्रद्धेनं तिला चपलांपाशी बसवलं होतं, त्याच श्रद्धेत आईनं तिच्यासाठी एक जागा काढून दिली होती. आणि आपण आलो, सगळं सारखं करायचं म्हणून ती जागा नांगरून टाकली, वर फरसाणाचं पाकीट दिलं. श्रद्धा माणसाकडून काय काय घेते, हे वर्षालीला पाठ होतं. ती कुणाला काही देत असेल, आणि दिलेलं आपल्या हातून हिसकावलं जाईल, हे कधी तिच्या भाषणात आलं नव्हतं.

ताटली धुताना तिचे डोळे गळत होते, आणि बापाला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं नळ मोठा सोडला.

सीतादही पहिल्या वेच्याच्या आधीच होतं. वावर वेचून झालं, ते उष्टं झालं. आता मागून केलं तर ते देवीला नाही आणि माणसालाही नाही. एवढं तिला कळत होतं. तरी एक तुकडा राहिला होता. नाल्याकाठची ती तासं, जी सडून पुन्हा टोबली होती. ती उशिरा बोंडावर आली होती आणि आत्ता कुठं फुटू लागली होती. त्यांना अजून कुणाचा हात लागला नव्हता.

तिनं बायांना सांगितलं, "नाल्याकडं जाऊ नका."

"काऊन वो ताई? पुरी फुटली ते," रुचिका म्हणाली.

"राहू द्या."

दोन दिवसांत तासं पांढरीफेक झाली. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. कुठं समुद्रात वादळ उठलं होतं आणि त्याची झळ इथवर आली होती. हवा ओली, चिकट, अंगावरची कापसाची खाज वाढवणारी. सगळ्या शिवारात धावपळ. मधुकररावांनी समुद्रपूरहून टेंपो भरून बाया आणल्या. ते धुऱ्यावर येऊन उभे राहिले.

"वर्षालीबाई, नाल्याचा कापूस काय देखाव्याले ठेवला काय? पाणी आलं तं डागून कवडी होईन पुरी. कुत्रं पुसणार नाई त्याले."

"होऊ द्या काका."

"विज्ञान शिकले तुम्ही. विज्ञानात असंच असते काय?"

कुणी तिला चौकात विचारलं असतं, की बाई, ज्यात काही अर्थ नाही असं तुम्ही म्हणता त्यापायी उभा कापूस भिजू देता, हे काय, तर तिला तिथंही उत्तर सुचलं नसतं. मागं बाया कुजबुजत होत्या. "नास्तिक बाईच्या आंगात सीता आली वो," रुचिकाचा आवाज, आणि दबकं हसू. वर्षाली वाकून वेचत राहिली. कंबर भरून आली होती. हसू पाठीवर पडत होतं आणि पडायला हवंच होतं, असं तिला वाटत होतं.

दुपारून भुरभूर आली. फार नाही. पण नाल्याकाठच्या बोंडांच्या लोंब्या जड होऊन खाली लोंबल्या, कोंबडीची भिजलेली पिसं लोंबावीत तशा. संध्याकाळी ती तशाच ओल्या पदरानं नलूकडं गेली.

नलू दारात उभी राहून आभाळ पाहत होती.

"मावशी, नाल्याकाठची तासं ठेवली मी. हात लावू देला नाई कोणाले. तू ये. सीतादही कर."

नलूनं तिच्याकडं पाहिलं नाही. "पाणी लागलं त्याले. वेचून घ्या बाई. खराब होईन."

"तू येईस्तवर नाई वेचत."

"तुम्ही सीतामाईले मानता आता?"

वर्षालीला 'हो' म्हणता आलं असतं. एक अक्षर. आज ते म्हणावं असं तिला फार वाटलं. एका खोट्यानं या म्हातारीचं मन राहणार होतं.

"नाई," ती म्हणाली. "नाई मानत. तुह्याशी खोटं बोलवत नाई."

"मंग ते नाटक होईन ना," नलू शांतपणे म्हणाली. "मालकीण मानत नाई अन् मी तिच्या धुऱ्यावर बसून दही शिंपडीन. तुमाले माह्यी कीव आली म्हणून. त्या दिवशी कुंकू घेऊन आले, तशीच." ती आत वळली. "सीतामाई काई कीव करणाऱ्याच्या वावरात येत नसते. जा. भिजले तुम्ही."

दार तिनं लावलं नाही, नुसतं पुढं लोटलं. ते जास्त लागलं.

सकाळी धुकं होतं. इतकं की बाभळीच्या पलीकडचं काही दिसेना. वेचा आज होणार नव्हता, कापूस ओला होता, बाया आल्या नव्हत्या. तरी वर्षाली वावरात गेली. नाल्याकाठच्या पहिल्या तासाशी जाऊन बसली. काही बोंडांवर पिवळट झाक आली होती, बाकीचा कापूस अजून धरून होता. तिनं हात लावला नाही. फक्त बसली. काय करावं हे माहीत नसलेल्या माणसासारखी, हात मांडीत घेऊन.

धुक्यातून आधी धुतलेलं लुगडं दिसलं. मग वाटी.

नलू तिच्यापर्यंत आली आणि थांबली. तिनं तासं पाहिली. एक भिजलेलं बोंड वाकून बघितलं, सोडून दिलं.

"लय नुकसान केलं तुम्ही."

वर्षाली उठली. "हो."

"लोकं हासतात तुमाले."

"हासू दे."

"मानत नाई म्हणता. मंग काऊन हे? खरं सांगा. मले लेक्चर नका देऊ."

वर्षालीनं पुष्कळ विचार केला होता, रात्रभर. त्यातलं काही तोंडाशी आलं नाही. "आईनं तुले वाटी देल्ली होती, मले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मले फक्त तुहा आवाज माहीत होता. वर्ध्याले होतो, तिथीबी येत राहे तो. सीता येते का नाई, मले नाई समजत मावशी. पण तू समोर बसतेस, अन् साऱ्या बाया मागं बसतात, ते खरं होतं. अन् ते मी मोडलं. मी हात जोडणार नाई. जोडले तं खोटे होतील. पण गोटे धुवाले पाणी आणतो. म्हणशीन तं."

नाल्यातल्या बेडकाचा एकच आवाज आला आणि बंद झाला. मग नलू खाली बसली. गुडघे मुडपून, सहज.

"आण मंग," ती म्हणाली. "उभी काऊन राह्यली?"

वर्षालीनं नाल्याचं पाणी आणलं. गोटे नलूनं एकेक करून धुतले, पोराचं तोंड धुवावं तसे. पान अंथरलं. दहीभात ठेवला. पहिल्या कोरड्या बोंडातून धागा ओढला. तो तुटला, पुन्हा ओढला, झाडांना गुंडाळला. वाटी वर्षालीच्या हातात देऊन ती उभी राहिली. मागं धरणारी एकही बाई नव्हती. तिनं सुरुवात केली. आवाज म्हातारा झाला होता, मधे मधे फाटत होता. दुसऱ्या ओवीला ती मान वर करून थांबली. बाया जिथं उचलून धरायच्या तिथली ती थांबण्याची जागा होती.

वर्षालीनं ती ओळ उचलली. बेसूर, हळू.

पऱ्हाटीची ते माय, धुऱ्यावर तिचे पाय...

नलूनं तिच्याकडं बघितलं, आणि दह्याचा हात धुक्यात फेकला.

ऊन वर आलं. ओल हळूहळू उडू लागली. दोघींनी ओट्या बांधल्या आणि नाल्याकाठचा कापूस वेचायला घेतला, पिवळा वेगळा, पांढरा वेगळा. बोंडातून कापूस निघताना होतो तेवढाच आवाज.

"पोरी," नलू म्हणाली.

वर्षालीचा हात बोंडावरच थांबला.

"माह्या गुडघ्याले काई झालं नोतं."

"माहीत हाये, मावशी."

"नाई, तुले पुरं माहीत नाई." नलू वेचत राहिली, मान खाली. "त्या दिवशी वाटी घेऊन घरी गेलतो. दही सीतेच्या नावचं. कोणाले देऊ? फेकवेना. मांजरीपुढं ठेवलं, अन् मीच परत ओढून घेतलं. रातभर कोनाड्यात ठेवलं अन् पाहत बसलो त्याच्याकडं. म्हटलं, आता मी कोण? सकाऊन मंग चुलीपाशी बसून मीच खाल्लं ते. एकटीनं. सारं."

तिनं मूठभर कापूस ओटीत टाकला.

"लय आंबट झालतं, पोरी."